बुवांचा खालचा सूर

घरट्यात डोकावायला आमच्या घरी दातांच्या डॉक्टरांचा आरसा वापरतात. लांब दांडीचा, टोकाला नखाएवढी गोल काच असलेला. बाबा, म्हणजे माझे सासरे, कवळ्या बनवतात. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या, दात हे सगळं बाबा घरीच जमवतात. पुढच्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे असतात आणि मागच्या गॅलरीत फिंच पक्षी. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी नवरा म्हणाला होता, "पुढे दात, मागे चोची. मधल्या जागेत आपण."

तो लिफ्ट दुरुस्त करतो. गॅलरीला छतापासून खालपर्यंत जाळी त्यानेच बसवलेली, पण पक्ष्यांशी त्याचं नातं तेवढंच. पक्षी सासूबाईंचे. मी त्यांना आई म्हणते. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नोकरी संपल्यावर कानाला लावलेला हेडफोन उतरवून त्या घरी आल्या, आणि घर फारच शांत आहे म्हणून त्यांनी फिंचची एक जोडी आणली. मी आले तेव्हा त्या जोडीचा चांगला मोठा गोतावळा झाला होता.

झेब्रा फिंच चिमणीहूनही लहान. नराची चोच लाल, गालावर नारिंगी ठिपका, छातीवर काळ्यापांढऱ्या बारीक रेघा. मादी करडी, साधी. गातो फक्त नर. ते गाणं गोड वगैरे नसतं, रबरी खेळणं कुणी भराभर दाबावं तसं असतं. पण प्रत्येक नराचं एकच ठरलेलं, आणि एकदा बसलं की जन्मभर तेच.

सगळ्यांत म्हाताऱ्या नराला घरात बुवा म्हणत. अहोजाहो करत. बुवा जेवले का, बुवांची अंघोळ झाली का. त्यांच्या गाण्यात मधेच एक लांब, जाड सूर यायचा, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा. बाकीच्या नरांचं सगळं वर, बारीक, चिरचिरीत. बुवा मात्र खाली उतरायचे आणि तिथे जरा रेंगाळायचे.

मी प्राणिशास्त्र शिकले आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत सकाळची नोकरी करते. दुपारी घरी आले की आई गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या असत. बाहेरून हिरवी जाळी लावलेली होती. तिच्यातून ऊन आत आलं की गॅलरी पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. राळ्याची फोलपटं हवेत तरंगत असायची, एखादं पीस खाली यायला फार वेळ घ्यायचं, आणि आपण नेमके कुठे बसलोय हे क्षणभर विसरायला व्हायचं. त्या हिरव्या उजेडात बसून एकदा आई म्हणाल्या, "आज गप्प आहेत सगळे."

त्या वेळी तीन नर एकाच वेळी गात होते. एक तर त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर होता.

मग बुवांनी कोपऱ्यातून सुरुवात केली, खाली उतरले, आणि आईंचा चेहरा उजळला. "यांचं तेवढं चालू असतं," त्या म्हणाल्या. "बाकीचे आळशी झालेत मेले."

बाबांनी मला त्याच संध्याकाळी पुढच्या खोलीत बोलावलं. ते भिंगाच्या दिव्याखाली एका दाताची कड घासत होते. "सूनबाई, दार लोटून घे. बस. तुझ्या लक्षात आलं ना?"

"कधीपासून आहे हे?"

"वॉशिंग मशीन झालं की पीं पीं करतं, तसले बारीक, वरचे आवाज तिला ऐकू येत नाहीत आता. ती जाऊन मशीनवर हात ठेवते. थरथर थांबली की झालं म्हणते."

"मग कानाच्या डॉक्टरांकडे नेऊ या. यंत्र मिळतं चांगलं."

"यंत्र लावायचं तर आधी सांगावं लागेल. ती जन्मभर कानांवर जगलीये गं. नुसत्या श्वासावरून पलीकडचा माणूस ओळखायची. तिला कोण सांगणार, तू?"

"तुम्ही सांगा."

"मी रोज सकाळी ठरवतो," बाबा म्हणाले. "मग चहा होतो."

त्यांनी दात उजेडात धरला, फुंकर मारली, परत घासायला घेतला. मग म्हणाले, "बुवा आहेत तोवर तिला पक्षी आहेत. बुवा गेले की तिच्यासाठी गॅलरी रिकामी. म्हणून बुवांचा मुलगा पाहिजे. गाणं बापाकडूनच जातं ना?"

"बापाकडून जातं, पण रक्तातून नाही. ऐकून शिकावं लागतं. पिल्लू घरट्याबाहेर आलं की जवळच्या मोठ्या नराचं ऐकतं आणि तेच उचलतं."

"म्हणजे बुवांच्या शेजारी वाढलं पाहिजे."

"हो."

बुवांना आधी मुलं झाली होती. पण पक्षी वाढले की आई ते ओळखीपाळखीत देऊन टाकत, आणि कुणाचं मांजर, कुणाची उघडी खिडकी, असं करत ती सगळी गेली. आता बुवांच्या पंखांची टोकं झिजली होती आणि उडण्याऐवजी ते फांदीवरून फांदीवर पायऱ्या उतरल्यासारखे उतरत. बाबांनी त्यांच्यासाठी एक तरुण मादी निवडली. आईंना एवढंच सांगितलं की बुवांचा वंश राहावा. आई म्हणाल्या, "या वयात? तुम्हाला बरी हौस दुसऱ्यांच्या संसाराची."

मादीने अंडी घातली, पण बसायचं मात्र नाव नाही. अंडं घालायचं, त्याच्याकडे एकदा बघायचं आणि राळे खायला निघून जायचं. "आजकालच्या मुली," नवरा माझ्याकडे बघून म्हणाला. मी त्याला समुद्रफेणाचा तुकडा फेकून मारला. पक्ष्यांना कॅल्शियमसाठी तो ठेवतात.

मग सोसायटीवाल्यांकडे जायचं ठरलं. सोसायटी फिंच ही वेगळी जात. तपकिरी, भोळी, कुणाचंही अंडं पोटाखाली सरकवलं तरी आपलंच म्हणून उबवणारी. आमच्या गॅलरीत त्यांची एक जोडी होती. नराला चेअरमन म्हणत, कारण तो प्रत्येक घरट्यात जाऊन पाहणी करायचा आणि काहीच दुरुस्त करायचा नाही. त्याची बायको अर्थातच चेअरमनबाई.

यात एक युक्ती लागते. रोज घातलेलं अंडं काढून घ्यायचं आणि त्या जागी खोटं ठेवायचं, म्हणजे मादी घालत राहते. खरी अंडी कापसात, सावलीत ठेवायची, अधूनमधून फिरवायची. सगळी जमली की एकदम उबवायला द्यायची, म्हणजे पिल्लं एकाच वेळी निघतात, थोरलं धाकट्याला तुडवत नाही. तोवर चेअरमनबाईंनाही बसायची सवय राहावी म्हणून त्यांच्याकडेही खोटीच अंडी.

बाजारात प्लास्टिकची मिळतात. बाबांनी ती बघितली आणि त्यांना अपमान वाटला. "हे अंडं? याला शिवण आहे." त्यांनी दाताच्याच मालातून अंडी केली. हस्तिदंती पांढरी, आतून पोकळ, वजन बरोबर येईपर्यंत आतून खरवडलेली. वरून शेवटचा हात दिला तेव्हा त्यावर खऱ्या अंड्यासारखी मंद, ओलसर झाक आली. मी एक खरं आणि एक खोटं तळहातावर घेऊन डोळे मिटले. फक्त ऊब वेगळी होती, आणि तीही माझ्या हाताने लगेच सारखी करून टाकली.

"बाबा, यांना दात फुटतील," मी म्हणाले. ते हसले नाहीत. त्यांना खरंच अभिमान वाटत होता.

चूक नेमकी तिथेच झाली, आणि बाबा इतके चांगले कारागीर नसते तर ती झालीच नसती. अंडी उबवायला द्यायच्या दिवशी खरी-खोटी सगळी एका ट्रेमध्ये दिव्याखाली होती. मधेच एका डॉक्टरांचा फोन आला, कवळी बोलताना शिट्टी वाजवते म्हणून. बाबांनी फोनवर बोलता बोलता ट्रे सरकवला, परत येऊन अंडी उचलली, अर्धी चेअरमनबाईंकडे ठेवली, उरलेली, खोटी समजून, त्या बेफिकीर मादीकडे, आणि समाधानाने हात धुतले.

काही दिवसांनी मी चेअरमनबाईंच्या घरट्याच्या लाकडी पेटीत बारीक टॉर्च घेऊन अंडी तपासली. जिवंत अंड्यात उजेड गेला की आत लाल नसांचं जाळं दिसतं, कुणीतरी आतून नकाशा काढत असल्यासारखं. पहिलं अंडं काळोखं. दुसरं काळोखं. तिसऱ्यात जाळं दिसलं आणि मधे एक ठिपका हलत होता. चौथं, पाचवं परत काळोखं. मी एक उचलून नखाने वाजवलं. टक्.

बाकीची खरी अंडी त्या बेफिकीर मादीच्या पेटीत होती, उघडी, थंड. त्यांतलं एकही वाचलं नाही.

बाबा बराच वेळ त्या पेटीसमोर उभे राहिले. आरसा हातात होता पण बघायला आता काही नव्हतं. आई मागून आल्या, काय झालं ते ऐकलं, आणि म्हणाल्या, "स्वतःच्याच हाताला फसलात. कवळ्या तरी ज्याच्या त्याच्या तोंडात जातात ना?"

"जातात," बाबा पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"जातात म्हटलं," ते मोठ्याने म्हणाले आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

एक अंडं उरलं. त्यातून एक पिल्लू निघालं, गुलाबी, आंधळं, मुगाच्या दाण्याएवढ्या डोक्याचं. त्याच्या तोंडात काळे ठिपके होते. आई-बापाला अंधारात तोंड नेमकं कुठे आहे ते कळावं म्हणून ते असतात. चेअरमन आणि चेअरमनबाई आलटून पालटून ते तोंड भरत राहिले. आपल्या जातीचं नाही हे त्यांना कळलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही. आईंनी त्याचं नाव चिरंजीव ठेवलं. मादी निघाली तर काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तर कन्यारत्न. घाई काय आहे?"

घाई होती, पण ती त्यांना सांगता येत नव्हती.

ठरवलं होतं ते असं: चिरंजीव स्वतः दाणे टिपायला लागला की त्याला आणि बुवांना एका पिंजऱ्यात ठेवायचं. बाबांनी पिंजरा धुऊनही ठेवला होता. चिरंजीव पेटीच्या भोकातून बाहेर पडला आणि पहिल्याच उडीत पाण्याच्या भांड्यात पडला, त्या दिवशी बुवा वरच्या फांदीवरून त्याच्याकडे बघत होते. त्यांनी एकदा गाणं म्हटलं, तो जाड सूर लावला, आणि डोळे मिटून पिसं फुगवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली राळ्याच्या फोलपटांत पडलेले होते. त्यांच्या पोटाखालची पिसं वाऱ्याने हलत होती, त्यामुळे बाबांना आधी वाटलं की जीव आहे.

आईंनी त्यांना कापसात ठेवलं आणि कुंडीतल्या मातीत पुरलं. त्या रडल्या नाहीत. संध्याकाळी जेवताना फक्त म्हणाल्या, "पक्षी मुके झालेत बघा. मोठा गेला की घर असं होतं." त्या हे म्हणत होत्या तेव्हा मागच्या गॅलरीतून झोपण्याआधीची नेहमीची कलकल चालू होती. नवऱ्याने घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्याला कळलं. पोटच्या मुलाला सगळ्यात शेवटी कळलं.

माझ्याकडे बुवांचं गाणं मोबाइलवर होतं. मी छोटा स्पीकर आणून चिरंजीवाच्या शेजारी लावला. बुवांचा आवाज गॅलरीत परत आला. चिरंजीवाने एक डोळा उघडून स्पीकरकडे बघितलं, तो नुसता डबा आहे हे त्याला कळलं, आणि तो सरकत सरकत चेअरमनला चिकटून बसला. पिल्लाला आवाज पुरत नाही. चोच लागते, शेजारची ऊब लागते, आपण काही केलं की मान वळवून बघणारं कुणीतरी लागतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी रोज स्पीकर लावला. आईंना कळलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, याची भीती होती म्हणून त्या बाजारात गेल्या की लावायचे, आणि खालच्या दाराची कडी वाजली की बंद करायचे.

बाबा एकदा गॅलरीच्या दाराशी येऊन ते ऐकत उभे राहिले. "निदान मुलगा आहे का ते तरी सांग."

"इतक्यात नाही सांगता येणार. चोच अजून काळी आहे."

ते आईंनी आधी बघितलं. "गालावर गंज चढलाय," त्या म्हणाल्या. चोच लाल व्हायला लागली होती आणि गालावर खरंच गंजाच्या रंगाचं एक पीस उगवलं होतं. मुलगा. बाबांनी त्या दिवशी कामाला हात लावला नाही.

मग चिरंजीव बडबडायला लागला. लहान मूल अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःशी बोलतं ना, तशी ती बडबड असते. शब्द नसतात, नुसता ओघ. दुपारी सगळी गॅलरी पेंगत असे. पाण्याच्या भांड्यातून उठलेली चकाकी छतावर डोलायची. पक्षी एकमेकांना टेकून, डोकी पाठीत खुपसून, पिसांच्या एकाच लांब प्राण्यासारखे दिसायचे. मी खाली चटईवर पडून बघत राही. अशाच एका दुपारी मला दिसलं की चिरंजीव गाढ झोपलाय, डोळे मिटलेले, चोच बंद, आणि गळा मात्र हलतोय. छोटी थरथर, मग स्थिर, मग थरथर. आवाज अजिबात नाही. झोपेत तो गाण्याची उजळणी करत होता. हेही मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. तेव्हा तिथे पडून मला असं वाटलं की आपण कुणाच्या तरी स्वप्नाला बाहेरून हात लावतोय.

मान वर केली तर आई खुर्चीत होत्या. त्या त्याच्याकडेच बघत होत्या, किती वेळ ते कुणास ठाऊक.

गाणं हळूहळू बसलं. आज एक तुकडा पक्का व्हायचा, उद्या त्याच्या मागे दुसरा लागायचा. मला पहिल्या काही दिवसांतच कळलं होतं, पण बाबांनी विचारेपर्यंत मी गप्प राहिले.

"आहे का तो खालचा सूर?" ते हातातलं मेण मऊ करत होते.

"नाही."

"जरासा?"

"नाही बाबा. सगळे सूर चेअरमनचे आहेत. बारीक, वरचे. हुबेहूब."

त्यांनी मेण ज्योतीवरून काढलं. ते थंड होऊन बोटांत घट्ट झालं तरी ते दाबत राहिले. मी म्हणाले, "पण एक गोष्ट आहे." आणि लॅपटॉप त्यांच्या टेबलावर, जबड्यांच्या मधे ठेवला.

आवाजाचं चित्र काढता येतं. सूर आला की ठसा उमटतो, आवाज थांबला की कोरी जागा राहते. मी तीन चित्रं एकाखाली एक लावली होती: चेअरमन, चिरंजीव, बुवा. चिरंजीवाचे ठसे चेअरमनसारखे. पण चेअरमन घाईघाईने, भरभरून गातो, त्याच्या जागा अरुंद. चिरंजीवाच्या कोऱ्या जागा रुंद होत्या आणि त्या खालच्या ओळीतल्या बुवांच्या जागांवर जवळजवळ बसत होत्या. सूर त्याने पाळणाऱ्या बापाकडून घेतले होते. कुठे आणि किती थांबायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"म्हणजे जातीचा ठेका ठरलेला असतो," मी म्हणाले. "सूर शिकावे लागतात, थांबे अंगातच येतात. बुवांचेच म्हणून आलेत की सगळ्याच झेब्रा फिंचचे असे असतात, ते एका पक्ष्यावरून सांगता येणार नाही. पण बघा ना."

बाबांनी खरंच बघितलं. ते कवळी बघतात तसं, आधी लांबून, मग भिंगातून. "चांगलं काम आहे," ते म्हणाले. "पण सूनबाई, या रिकाम्या जागा घेऊन ती काय करणार? भोवतालचे सूर तिला ऐकूच येत नाहीत. तिला सगळीच रिकामी जागा."

मी लॅपटॉप मिटला.

"उद्या सांगतो तिला," ते म्हणाले. "डॉक्टरची वेळ घे. उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी चहा झाला आणि ते पुढच्या खोलीत निघून गेले.

दुपारी मी राळ्याची कणसं घेऊन गॅलरीत गेले तेव्हा आई खुर्ची फांदीच्या अगदी जवळ ओढून बसल्या होत्या. चिरंजीव एका करड्या मादीसमोर नाचत होता. गाताना हे पक्षी एका जागी राहत नाहीत. अंग डावीउजवीकडे वळवतात, गळ्याची पिसं उभी करतात, पायांवर उसळतात. मादी दुसरीकडे बघत होती. हिरव्या उजेडात त्याची लाल चोच उघडत मिटत होती.

"हा बुवांचाच," आई म्हणाल्या.

मी कणसं खाली ठेवली. "कशावरून, आई?"

"थांबतो बघ." त्यांनी बोट वर केलं. चोच चालू होती. बोट हवेत थांबलं. "आत्ता." चोच मिटली, गळा स्थिर झाला. परत सुरू. "आणि आत्ता." प्रत्येक वेळी त्यांचं बोट पक्ष्याच्या आधी किंचित खाली यायचं. मी आदल्या दिवशी पडद्यावर मोजून ज्या कोऱ्या जागा बघितल्या होत्या, त्या त्या एकामागून एक दाखवत होत्या. "हे शेवटचं लांब आहे. बुवा इथे श्वास घ्यायचे. बघ, घेतला."

माझा सगळा अभ्यास त्या एका बोटाच्या मागे उभा होता.

"मला ऐकू येत नाही गं हा," त्या शांतपणे म्हणाल्या. "कुठलाच येत नाही. बुवा यायचे, ते गेले. मला वाटलं होतं आता इथे बसण्यात काही राम नाही. मग त्या दिवशी तो झोपेत गाताना बघितला. तेव्हा तर तुलाही ऐकू येत नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणाले.

"तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस. त्यांना वाटतं मला माहीत नाही. बिचारे जिवाचा आटापिटा करतात, मोठ्याने बोलतात, आणि मला ऐकू गेलं नाही की म्हणतात दातांच्या धुळीने त्यांचाच घसा बसलाय."

"आई, बाबा दारात आहेत."

ते खरंच होते. हातात आरसा, बाह्यांवर प्लास्टर. किती ऐकलं असेल हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं, पण ते आत आले, दार नीट लावलं आणि आईंच्या खुर्चीशेजारी उलटी बादली ठेवून तिच्यावर बसले. चिरंजीवाने मादीसमोर परत सुरुवात केली.

"चालू आहे," आई त्यांना म्हणाल्या.

बाबांनी मान हलवली. मग आरसा खिशात ठेवला, दोन्ही कानांत बोटं घातली आणि पुढे वाकून पक्ष्याच्या गळ्याकडे बघायला लागले. त्यांचे ओठ हळूहळू हलत होते. थांबा आला की तेही थांबत. पहिला चुकला, दुसराही चुकला. तिसऱ्याला ते बरोबर थांबले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"थांबा सुटला नाही ना एकही?" आईंनी विचारलं.

बाबा बघतच होते.

"अहो, सुटला नाही ना?"

त्यांना ऐकूच गेलं नाही. आई जरा थांबल्या, मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून, मोठ्याने आणि सावकाश, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.